दादाचं पोट

शेजारच्या काकूंच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी मुलुंडच्या घरात वाटाणे सोलत बसले होते. दादा गेला. "कोणाचा दादा?" असं मी विचारलं म्हणे... माझ्या हाडांतला मगज त्याला देऊन दोन आठवडे झाले होते. त्याला हॉस्पिटलात काचेच्या खोलीत ठेवलं होतं, आता नवं रक्त धरेल असं डॉक्टर म्हणत होते. आणि माझ्या डोक्यात एकच आलं : दही.

दादाला स्वतःच्या पोटाचा भारी गर्व. गावाहून आलेलं जुनं सुकट असो की स्टेशनबाहेरची भेळ, सगळं पचवायचा. "कुंदे, दगड आण, तोही जिरवतो!" रक्ताचा कॅन्सर निघाला तरी ऐट तीच. डॉक्टरांनी बजावलं होतं, गरम शिजवलेलंच द्यायचं. तरी हॉस्पिटलला निघताना मी सवयीने त्याच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. त्याने चाटून टाकली. वहिनी टॅक्सी बघायला खाली गेली होती, तिला कळलंच नाही.

महिन्याभराने हिय्या करून मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दह्याने नाही, बाई. रक्तात सापडलेले जंतू त्यांच्याच आतड्यातले." जहाल औषधांनी आतड्याचं अस्तर सोललं, अँटिबायोटिक्सनी गरीब जंतू मेले, उरलेले माजले आणि रक्तात शिरले. लढायला पांढऱ्या पेशीच नव्हत्या. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. मग रागवायचं कोणावर? त्या पोटावर?

वहिनीला सगळं सांगितलं, दह्यासकट. दह्याबद्दल ती बोललीच नाही.

"म्हणजे ते आतच होतं?" ती म्हणाली. "मग मी आईंना काचेबाहेर का ठेवलं गं? रोज कोपरापर्यंत हात धुऊन उभ्या राहायच्या. एकदाच हात लावू दे म्हणायच्या."

बाहेरचे जंतूही तितकेच वाईट, तू बरोबरच केलंस, असं मी म्हटलं. ते खरंही आहे. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. तेवढ्यात आई बाजारातून आली. पिशवी ठेवून सरळ मोरीत गेली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि कशालाही न लावता तसेच वर धरून आमच्यापाशी येऊन उभी राहिली.

वहिनीने ते ओले हात आपल्या हातात घेतले. "पुसा आता, आई," ती म्हणाली.