गाडी कोण उघडून राहिलं?

थांबा, हे आत्ताच सांगतो, नाहीतर पोट फुटन माझं! आज जळक्या वायरचा वास आला आन् आमच्या जुनवानी भागातला एक हिंदी बोलणारा मेकॅनिक आठवला. त्यानं बाबांच्या जुन्या गाडीत वायरी जोडून चावीच्या जागी बटण बसवलं होतं. रिमोट जवळ असला की दार आपोआप उघडते, बटण दाबलं की गाडी चालू. दुसऱ्या दिवशी बाबा रिमोट न घेताच गाडी पुसायला गेले, तर दार उघडं! तिसऱ्या दिवशीही तेच. "त्यानं एक रिमोट सोताजवळ ठेवला," बाबा म्हणाले. मलेही पक्कं वाटलं, कारण काम करताना तो आमाले जवळ येऊच देत नव्हता. बाबांनी फोनवरच त्याले चोर म्हटलं. तो लगेच आला, गाडीभोवती फिरला आन् आईले विचारलं, "काकी, रिमोट रखते कहाँ हो?" आई म्हणाली, "नवी वस्तू हाये, सव्वा महिना देवापाशीच राहीन." देवघराच्या भिंतीपलीकडंच गाडी उभी होती! "फिर तो चोर भगवानजी निकले, काकाजी," तो म्हणाला. आई हसली, बाबा नाही. अजूनही टायर पंक्चर झालं तरी बाबा लाजेपायी त्याच्या दुकानात मलेच पाठवतात. तुमीही कोणाले असं चोर ठरवलं का कधी? खरं सांगा!