ओला नंबर

वलगावचे आमचे सुतारकाका हात नाचवल्याशिवाय बोलत नाहीत. जन्मभर बैलबंड्या केल्या, यंदा हौसेनं लाकडी नाव केली. नोंदणीचे साहेब नाव तपासायला आले, तेव्हा मात्र हात गप्प. नाव पास झाल्यावर काकांनी आनंदानं उडीच मारली! लगेच पांढऱ्या रंगानं दोन्ही बाजूंना नोंदणीचा नंबर लिहिला.

"इतक्या बंड्या केल्या, पन नंबर कोनी नाई देल्ला!" म्हणत, नवी बंडी गिऱ्हाइकाला देताना लावतात तसा त्यांनी नावेला हात लावून कपाळाला लावला. रंग ओलाच होता. नंबर फिसकटला, कपाळ पांढरं झालं.

साहेब हसले. "आता नोंदणी कोणाची करू, काका?"

"दोघायचीबी करा," म्हणत काकांनी पुन्हा ब्रश उचलला. कपाळ काही पुसलं नाही.