विहिरीवरचा पहारा

रागिणीबाईंना मी आधीच सांगितलं होतं, बाई, पुस्तकात छापलंय तेवढं शिकवा आणि सुखानं राहा. ऐकतील तर शपथ! मोर्शीजवळच्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच, त्या आणि मी. चौथीचा इतिहास बाई गोष्टींच्या पुस्तकांतून शिकवतात. गोष्ट वाचायची, अर्ध्यावर पुस्तक मिटायचं आणि पोरांना घरी पाठवायचं, म्हाताऱ्यांना विचारून या, आपल्या गावात असं होतं का?

परवाची गोष्ट होती विहिरीपासून लांब उभ्या राहणाऱ्या एका मुलीची. तिच्या जातीला विहिरीला हात लावायची बंदी. कुणी दया येऊन घागरीत पाणी ओतेल म्हणून ती दिवसभर ताटकळते. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं एकच उत्तर घेऊन आली, आपल्या गावात असलं काही नव्हतं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात प्राजक्ता उठली. म्हणाली, आजी सांगते, होतं. आमचे आबाच काठी घेऊन विहिरीवर बसत.

तिचे आबा म्हणजे खुशालराव. संत्र्याची मोठी बाग, गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही. आणि त्याच वर्गात सागर बसतो. त्याच्या आजीच्या लोकांनाच त्या विहिरीवर बंदी होती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सकाळी खुशालराव शाळेत हजर. म्हणाले, पोरीनं सगळ्यांसमोर म्हणावं की मी खोटं बोलले, नाहीतर आत्ताच तिचा दाखला द्या, उद्यापासून ती शाळेत दिसणार नाही. प्राजक्ता वर्गाच्या दाराशी भिंतीला चिकटून उभी होती. मी बाईंना खुणावलं, संपवा एकदाचं. पण बाई कसल्या हट्टी! म्हणाल्या, तिच्याकडून मी हे वदवून घेणार नाही. खोटं असेल तर तुम्हीच सांगा पोरांना.

म्हातारा तरातरा वर्गात शिरला. पोरं उभी राहिली, त्यांना हातानंच बसवलं.

"हे पोट्टी खोटं बोलली," ते म्हणाले. "काठी म्या कधीच हातात धरली नाही. काठीचं कामच काय? मी नुसता जाऊन बसलो का बाया दुरूनच वापस जात."

आपण काय बोलून बसलो ते बहुतेक त्यांनाही तेव्हाच कळलं. मग सागर उभा राहिला. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"आबाजी," त्यानं विचारलं, "मंग माही आजी पाणी कुठून आणे?"

खुशालराव दाराकडे वळले. नात त्यांच्याकडेच बघत होती.

"मले नाही मालूम बाप्पा," ते हळू म्हणाले. "मी कधी पाह्यलंच नाही."

दाखला न मागताच ते निघून गेले.