आश्टनसाहेबाचं सुतक

विडे जरा बाजूला ठेवा, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. अहो, जिवंत माणसाचं सुतक मी एका इंग्रजाच्या घरी नेऊन पोचवलंय!

संगमावरच्या इंग्रज वकिलातीत आश्टन नावाचा एक साहेब होता. मी, वडगावकर पंतोजी, त्याला मराठी शिकवायचो. त्याचा धाकटा भाऊ गलबतानं मुंबईला यायला निघालेला. आईमागं यानंच त्याला वाढवलेलं. गलबताला उशीर झाला होता आणि साहेबाचं धड्यात लक्ष लागत नव्हतं.

अशात माझा मेहुणा बापू मुंबईहून आला. पाय धुता धुता म्हणाला, "भावजी, बंदरावर एक आश्टन तापानं गेला हो."

पुढचं ऐकायला थांबेल तो वडगावकर कसला? बापूला तसाच ओढत संगमावर नेलं. आता समाचाराला जायचं आणि कोरड्या डोळ्यांनी बसायचं, ही का आपली रीत? मी दारातूनच गळा काढला. "धीर धरा, साहेब! धाकटे गेले!" स्वयंपाक्याला चूल विझवायला लावली. साहेबाला म्हटलं, उठा, आधी आंघोळ करा, आता दहा दिवस सुतक!

साहेब खुर्चीत बसला. ओठ पांढरेफटक. मलाही खरंच भडभडून आलं. पण खोटं कशाला बोलू, आपण सर्वांच्या आधी पोचलो याचं समाधानही होतं!

मग त्यानं बापूला विचारलं, "फार हाल झाले का पोराचे?"

"पोराचे?" बापू गोंधळला. "अहो, पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता तो!"

साहेबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मी हळूच बापूमागं सरकलो.

पण माघार घेईन तर शपथ! "मग चुलते असतील. आडनाव एक म्हणजे घर एक."

साहेबानं डोळे पुसले. "पंतोजी, ॲश नावाचं झाड असतं. त्या झाडांजवळची वाडी ती आश्टन. अशा वाड्या आमच्या मुलखात ठिकठिकाणी. वाडी सोडून जो बाहेर पडला, त्याला लोक आश्टन म्हणू लागले. बरं, शुक्रवार पेठेतला वडगावकर शिंपी परवा वारला. आपण सुतक पाळलंत?"

"मी? छे! तो वडगाव खुर्दचा, आम्ही मावळातले. वडगावं काय थोडी आहेत? वडाखाली चार घरं झाली की झालं वडगाव! गाव सोडलं की गावाचं नाव चिकटतं, त्यानं का कोणी भाऊबंद होतो?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. बापू आढ्याकडे बघत होता.

साहेब मात्र हसला नाही. शांतपणे म्हणाला, "तो म्हातारा माझा कोणी नव्हे. परमुलखात मेला. त्याच्यासाठी रडलं कोण? तुम्ही एकटे. तेव्हा सुतक तुम्हीच पाळा, पंतोजी. दहा दिवस इकडे फिरकू नका."

बापू वाटभर हसत होता. मी घरी आलो आणि गुपचूप डोक्यावरून आंघोळ केली.