दोन डोंगरांचे भुंगेरे

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ते मी कधी लपवलं नाही. पण परक्या घरात, मी समोर उभी असताना, कमरेत वाकून माझ्या वतीनं माफी मागत कुणी ते सांगावं, याचा राग अजून गेलेला नाही. सांगणारा माझा मुलगा होता.

तीन महिन्यांच्या व्हिसावर मी त्याच्याकडे जपानला, टोकियोतल्या ओजिमाला आले होते. सातवा मजला. सकाळी मुलगा ऑफिसला जायचा, सून बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात पार्टटाइम कामाला, नात शाळेत. मी घरात एकटी. मला मुळातच चार माणसांत बोलायला जमत नाही. तिथं तर भाषाच नव्हती, एका अर्थी सुटलेच.

शेजारी एक म्हातारं जोडपं राहायचं. आजोबा पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना सेन्सेई म्हणत. त्यांना भुंगेऱ्यांचं वेड. टोकियोहून रात्रभर बोटीनं गेलं की ज्वालामुखीनं घडवलेलं एक बेट लागतं. त्यावर दोन डोंगर, एक टोकदार, एक बसका, दोघांच्या माथ्यावर कायम ढग. तिथला ओला पालापाचोळा ते पिशव्या भरून आणत आणि चाळून त्यातले तिळाएवढे भुंगेरे वेचत. हे भुंगेरे उडू शकत नाहीत, ज्या डोंगरावर जन्मले तिथंच मरतात. हे सगळं मला सुनेनं समजावून सांगितलं. हेही सांगितलं, की सेन्सेईंचा गुडघा गेलाय, डॉक्टरांनी डोंगर बंद केलाय. या वेळच्या पिशव्या शेवटच्या.

ते बाहेर व्हरांड्यात बसून चाळायचे, म्हणजे पाला उडायचा आणि बारीक माती तशीच राहायची. दोन दिवस मी दारातून पाहिलं. तिसऱ्या दिवशी राहवेना. सुनेची परात आणली, दोन मुठी पाला घेतला आणि घोळला. हलकं पुढं गेलं, जड मागं राहिलं, मधे भुंगेरे पाय हलवत उघडे पडले. सेन्सेईंनी टाळ्याच वाजवल्या. त्या दिवसापासून रोज दहा वाजता मी त्यांच्याकडे. जन्मभर डाळ-तांदळातले किडे निवडून फेकले, आता किडे ठेवायचे आणि बाकीचं फेकायचं. आजी चहा द्यायच्या. कुणाला बोलावं लागत नव्हतं.

मग माझ्या हातून ते झालं.

दोन पांढऱ्या बशा असायच्या. एकीत टोकदार डोंगरावरचे, दुसरीत बसक्या डोंगरावरचे, स्पिरिटमध्ये. प्रत्येकीखाली डोंगराच्या नावाची एक चिठ्ठी. सेन्सेई दवाखान्यात गेले होते, आजी आत होत्या. काम संपलं, आवरायला घेतलं. दोन्ही बशांत एकच जिन्नस, दोन्ही अर्ध्या. घरी एकच डाळ दोन डब्यांत थोडी थोडी उरली की आपण काय करतो? एका डब्यात ओततो, दुसरा घासून ठेवतो. मी तेच केलं. एक बशी दुसरीत रिकामी केली, धुतली, पुसून पालथी घातली. चिठ्ठ्या ओल्या झाल्या होत्या, त्या कागदाच्या कचऱ्यात, बरोबर वेगळ्या टाकल्या. नीटनेटकेपणानं केलेली चूक ती. कचऱ्याची गाडी येऊन गेली.

आणि नंतर बशीकडे पाहिलं तर मला ते दिसलं. वेगळे होते तेव्हा कधी दिसलं नव्हतं. एकत्र झाल्यावर कळलं, की हे दोन जातीचे आहेत. काहींची कंबर आवळलेली, काही खांद्यापासून शेपटापर्यंत एकसारखे गोल. काळा रंग तोच, चकाकी तीच. पण घडण वेगळी. टोकदार डोंगराच्या रिकाम्या पिशवीत एक चिकटून राहिला होता, तो कंबरेचा निघाला.

संध्याकाळी सेन्सेईंनी बशी पाहिली आणि खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. आजींनी माझ्या मुलाला बोलावून घेतलं. तो ऑफिसच्या कपड्यांतच आला, सून मागोमाग.

मी त्याला म्हटलं, "अरे, त्यांना सांग. चूक माझी. पण मी परत निवडून देते. कंबरेचे टोकदार डोंगराचे, गोल ते बसक्याचे. मला ओळखू येतात."

"आई, ते तीस वर्षं हेच करतायत. ते म्हणतात सगळे एकच जातीचे आहेत."

"तू सांग तर खरं."

तो बोलला. थोडंसंच बोलला आणि कमरेत वाकला. परत वाकला. सेन्सेई हात हलवून 'असू दे, असू दे' करत राहिले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी आल्यावर सून ओट्यापाशी हळूच म्हणाली, "आई, तुमचं यांनी सांगितलंच नाही."

"मग काय सांगितलं?"

ती भांडं विसळत राहिली. मग म्हणाली, "आई चौथी शिकलेली आहे, तिला यातलं काही कळत नाही, माफ करा, असं."

बाहेरच्या खोलीतून मुलगा म्हणाला, "मग काय सांगायचं होतं? म्हाताऱ्याची शेवटची ट्रिप वाया घालवली, वर त्यांनाच शिकवायचं?"

मी जेवले नाही. त्याला वाटलं, चुकीचं वाईट वाटतंय.

गुरुवारी सकाळी मी एकटी गेले. कागदावर दोन डोंगर काढले, टोकदार आणि बसका. भिंतीजवळ सेन्सेईंच्या जुन्या पेट्या होत्या, टाचणीवर लावलेले भुंगेरे, प्रत्येकाखाली जपानीत नखाएवढी चिठ्ठी. एक पेटी ओढली, भिंग घेतलं, एका भुंगेऱ्यावर बोट धरलं आणि दुसरं बोट टोकदार डोंगरावर ठेवलं. पुढचा बसक्यावर. पुढचा परत टोकदारवर.

सेन्सेईंना आधी कळेना. मग त्यांनी एक टाचणी उचलून चिठ्ठी वाचली. दुसरी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मला जपानी वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, चिठ्ठ्या झाकायचीसुद्धा गरज नव्हती. पेटी संपेपर्यंत एकही चुकला नाही. त्यांनी आजींना हाक मारली तेव्हा त्यांचा आवाज फाटला.

पुढं त्यांनी भिंगाखाली भुंगेरे उघडून पाहिले आणि शनिवारी मला समजावण्यासाठी मुलालाच बोलावलं. जाती वेगळ्या आहेत की नाही हे नराच्या आतल्या अवयवावरून ठरतं, तो दोघांचा वेगळा होता. सेन्सेई चित्र काढून सविस्तर सांगत होते. मुलाचे कान लाल झाले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते... आई, त्यांचं ते... वेगळं असतं."

"कुणाचं काय?"

सून तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली. माझं एक साधं वाक्य ज्याला सांगवलं नाही, त्याला हे सगळं सांगावं लागलं. मला हसू आलं नाही.

बसक्या डोंगरावरचा भुंगेरा कुठल्याच पुस्तकात नाही, नवा आहे, असं दुसऱ्या गावच्या जाणकारानं तीन आठवड्यांनी कळवलं. त्या रविवारी जवळच फुनाबोरीला मुलाच्या मराठी मित्राकडे जेवण होतं. पानावर बसल्याबसल्या मुलगा म्हणाला, "आमच्या आईनं नवा भुंगेरा शोधला! सेन्सेई थक्क!"

"काकू, भारीच!" सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी मान वर केली. "त्याआधी तू काय सांगितलं होतंस, तेही सांग."

"आई, झालं ना आता."

"सांग."

त्यानं पोळी मोडली. कुणीतरी भाजी वाढायला उठलं.

निघायच्या आदल्या दिवशी सेन्सेईंनी मला मी मिसळलेल्यांची पेटी दाखवली. ते भुंगेरे नव्या जातीच्या पेटीत नव्हते. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं कुठला कुठल्या डोंगराचा. तरी चिठ्ठीवर काय लिहिलंय ते सुनेनं वाचलं, "डोंगर माहीत नाही." जिथं सापडला तिथं, त्याच वेळी जे लिहिलं तेच खरं धरतात, मागाहून कितीही खात्री असली तरी नाही. मला वाईट वाटलं, पण त्यांचा राग आला नाही.

मुलगा आता फोनवर म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो, आई. तुला जपानी कुठं कळतं?" त्या रात्री वही होती, पेन होतं. मी लिहून ठेवलं नाही, नुसती उपाशी झोपले. उशीर झाला, तरी आता लिहिते.

ओजिमा. सातवा मजला, शेजारचं घर. बुधवार, संध्याकाळ. बोलणारा माझा मुलगा, ऐकून मला सांगणारी सून. "आई चौथी शिकलेली आहे, तिला यातलं काही कळत नाही."