परभणीच्या रंगाचं सैन्य

किस्से साठत जातात, त्याला इलाज नाही. आमच्यापुरतं म्हणाल तर दोष लोकांचा आहे. चार कळती माणसं दर रविवारी दुपारी एका दुकानात बसून इंचभर उंचीचे प्लॅस्टिकचे शिपाई रंगवतात, हे समजलं की लोक काहीतरी बोलतात. आम्ही गप्प बसत नाही. झाला किस्सा!

खेळ तसा सोपा आहे. मोठं टेबल, त्यावर थर्माकोलचे डोंगर, दोन बाजूंना दोन सैन्यं. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं आणि लढायचं. शिपाई येतात सुटे आणि राखाडी. ते आपणच कापून, चिकटवून, रंगवून घ्यायचे. सोबत एक जाडजूड पुस्तक येतं. कोणत्या पलटणीला कोणता रंग, ते त्यात छापलेलं असतं. आमच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. पहिल्याच महिन्यात पुस्तक त्याच्याखाली गेलं, ते अजून तिथंच आहे.

आम्ही चौघं. हे वेड आणलं झरीच्या दत्तानं. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करायचा, लॉकडाऊनमध्ये दोन डबे शिपाई घेऊन गावी आला आणि परत गेलाच नाही. आता झरीत बी-बियाण्याचं दुकान चालवतो. दुसरी वर्षा, परभणीत दातांच्या लॅबमध्ये कॅपा आणि कवळ्या बनवते. तिसरा मी. पालमला जनावरांच्या दवाखान्यात आहे, म्हणून मला सगळे डॉक्टर म्हणतात. आणि चौथे बाबू पेंटर. दुकान त्यांचं.

* * *

झरीहून परभणीला येताना दत्ता शिपाई अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवतो. एका खड्ड्यात एक. यापेक्षा चांगली सोय जगात नाही. एकदा एसटीत मांडीवर ट्रे घेऊन बसला होता. शेजारच्या आजीबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि ओरडल्या, "अगं बया! अंडी फुटून ही बाहेर निघाली का काय!"

सगळी बस वळून बघायला लागली. मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "एवढा थोराड गडी, आन् बाहुल्या खेळायलाय!"

दत्तानं मान न वळवता विचारलं, "तुमी पत्ते कुटता तवा मी इचारतो का, ती राणी कुणाची म्हणून?"

तेवढ्यात कंडक्टर आला. त्यानं सगळे तीस शिपाई नीट निरखले आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "ड्युटीवर हायत का सुट्टीवर?"

"ड्युटीवर."

"मग त्यांचं तिकीट न्हाई. तुमचं मात्र फुल!"

* * *

बाबू पेंटरांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. एकेकाळी स्टेशन रोडच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. ट्रकची मागची बाजू, शाळेची भिंत, निवडणुकीचा प्रचार, सगळं तेच रंगवायचे. मग फ्लेक्स आला. पाटी अर्ध्या तासात छापून मिळायला लागली. लोक अजून त्यांना पेंटरच म्हणतात, पण ब्रश वर्षानुवर्षं बरणीत उभे होते.

दत्ता त्यांच्याकडे बारीक ब्रश मागायला गेला होता. पेंटरांनी शिपाई हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ह्याचे डोळे कोण काढतंय?"

"कुणालाच जमत न्हाई, काका. आमी हेल्मेट खाली ओढतो."

पेंटरांनी सर्वांत बारका ब्रश काढला, जिभेवर टोक केलं, श्वास धरला. दोन ठिपके! शिपाई बघायला लागला. खरंच सांगतो, माझ्याकडे बघायला लागला. त्या दिवसापासून आमचं टेबल तिथं आहे.

जिभेवर टोक करायची ही सवय मात्र महागात पडली. पेंटरांच्या गालात तीस वर्षं गुटखा होता. त्यांनी पहिला पांढरा घोडा रंगवायला घेतला तो वाळल्यावर तांबूस झाला. परत रंगवला, परत तांबूस. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा त्यांनी खिशातल्या पुड्या काढून गटारात फेकल्या. "घोडा पांढरा म्हंजे पांढराच झाला पाहिजे!"

महिनाभरानं पेंटरांच्या घरच्या काकू दुकानात आल्या. "दवाखान्यानं सांगितलं, मी पाया पडून सांगितलं, माझ्या भावानं सांगितलं. कुणाचंच ऐकलं न्हाई. कुठं हाय तो घोडा?"

घोडा दाखवला. काकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि घोड्याला हात जोडले.

* * *

रंगाच्या सेटमध्ये एका बाटलीवर 'कातडीचा रंग' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. आत फिक्कट गुलाबी रंग. वर्षानं ती बाटली उघडली, नखावर थेंब लावला आणि विचारलं, "ही पलटण आजारी हाय का?"

वर्षाच्या हातात दातांच्या शेडचं कार्ड दिवसभर असतं. पांढऱ्यातले सोळा प्रकार ती लांबून ओळखते. तिनं आमच्या शिपायांसाठी तांबूस-काळ्याच्या नऊ शेड बनवल्या आणि काड्यांवर नंबर टाकून लावून ठेवल्या. त्यातही तिचं डोकं असं, की चेहरा गडद, टोपीखालचं कपाळ उजळ. कोपरापासून खाली हात गडद, बाही जिथं संपते तिथून वर एक शेड उजळ. "ऊसतोडीला जाणाऱ्यांचे हात बगा एकदा," ती म्हणाली. "बाही सरकली की दुसराच माणूस दिसतो."

आम्ही फोटो ऑनलाइन टाकले. कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या एका पंडितानं खाली लिहिलं, की काम स्वच्छ आहे, पण या पलटणीच्या कातडीचा रंग पुस्तकाप्रमाणे चुकलेला आहे.

वर्षानं उत्तर दिलं, "तुमचे शिपाई कपाटात राहतात. आमचे उन्हात लढतात."

तो पंडित परत आला नाही. मला त्या उत्तराचा अजूनही अभिमान वाटतो. ते मी लिहिलेलं नाही, याचं थोडं वाईटही वाटतं.

* * *

पालमच्या दवाखान्यात खंडोजीमामा मेंढ्यांना लस टोचून घ्यायला येतात. एकदा माझ्या टेबलावर दोन शिपाई वाळत ठेवले होते. मामांनी उलटसुलट करून पाहिले.

"डॉक्टर, हे कुणाचे?"

"आमचेच."

"कशावरून? खूण कुठं हाय?"

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा असतो. दोन कळप पाण्यावर एकत्र आले तरी कुणाचं कोण ते लगेच समजतं. मी रविवारी दुकानात सांगितलं आणि त्याच दिवशी आमच्या तमाम सैन्याच्या पाठीवर डाव्या खांद्यापासून एक लाल पट्टा आला.

पुढच्या महिन्यात संभाजीनगरहून तिघं जण खेळायला आले. तिघांचंही सैन्य पुस्तकाबरहुकूम निळं. त्यांच्यातल्याच एकाचा धक्का लागला आणि टेबलावरचे दीड-दोनशे शिपाई फरशीवर सांडले! आमचे आम्ही पाच मिनिटांत वेचले. ते तिघं संध्याकाळपर्यंत "हा माझा, हा तुझा" करत बसले होते.

खंडोजीमामांना हे सांगितलं तर त्यांना हसू आलं नाही. म्हणाले, "बिनखुणेचं जनावर घेऊन घराबाहेर निघतंच कोण?"

* * *

वर्षाला बघायला पाहुणे आले होते. मुलगा शिकलेला, नोकरीवाला. त्याच्या आईनं विचारलं, "काही आवड वगैरे?"

"सैन्य रंगवते," वर्षा म्हणाली आणि घरच्यांनी डोळे वटारले तरी डबा आणून दाखवला.

मुलानं एक शिपाई दोन बोटांत धरला, हसला आणि म्हणाला, "लग्नानंतर हे असलं बंद करावं लागेल हां. लोक हसतील."

वर्षानं त्याच्या हसऱ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तुमचा पुढचा डावा दात बसवलेला हाय ना? दोन शेड पांढरा पडलाय. कुणी केला?"

मुलगा चहासुद्धा ओठ मिटून प्यायला. स्थळ अर्थातच गेलं. वर्षाची आई आठवडाभर बोलली नाही. नंतर एका रविवारी तीच पोह्यांचा डबा घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "मेल्याचा दात खरंच लय पांढरा होता."

* * *

आता पुण्याचं.

पेंटरांचा मुलगा गणेश मोबाईल दुरुस्त करतो. चांगला कारागीर आहे, भाड्याच्या टपरीत बसतो. बापाचं दुकान आपल्याला मिळावं असं त्याला वाटणारच. आणि ते दुकान म्हणजे आमच्या चौघांचं टेबल, पेंटरांचे ब्रश, त्यांची बसायची जागा, सगळंच. एक दिवस त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबा, तुमी पेंटर होतात, मान्य. पण आता नुसतं नाव राहिलंय. पुण्यात ती रंगवायची स्पर्धा हाय म्हणता ना? तिथं नंबर आला तर मी परत दुकानाचं नाव काढणार न्हाई. न्हाई आला, तर दिवाळीला शटर माझं."

पेंटर म्हणाले, "कबूल."

त्यांनी तीन महिने दहा शिपायांची एक तुकडी रंगवली. वर्षाच्या शेड, मामांचा लाल पट्टा, डोळे पेंटरांचे. एका शिपायाच्या ढालीवर त्यांनी चारठाण्याच्या देवळातला खांब काढला, नक्षीसकट. ढाल माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. आम्ही फक्त बघत होतो. अशा वेळी आपल्या हातातला ब्रश खाली ठेवावा, एवढी अक्कल आम्हाला आहे.

गणेशनंच गाडी काढली. परभणी ते पुणे तोच चालवत होता.

हॉल मोठा होता. पाचशे दिव्यांखाली असतो तसा उजेड परीक्षकांच्या टेबलावर, बाकी सगळीकडे अंधुक. परीक्षकांपैकी एक तरुण मुलगा होता, फार सभ्य. भिंगातून आमचा एकेक शिपाई पाहत तो दहा मिनिटं वाकून उभा होता. बाजूच्या टेबलांवरची माणसंही येऊन उभी राहिली. कुणीतरी आपल्या मित्राला हाक मारून बोलावलं. दत्तानं माझा दंड इतका दाबला, की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

मग त्या मुलानं एक शिपाई फिरवला. खालच्या गोल बैठकीच्या काठावर, मागच्या बाजूला, सुतासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, "बाबू पेंटर". दहाही शिपायांच्या बैठकीवर होतं. आम्हालाही माहीत नव्हतं! पेंटरांनी जन्मात रंगवलेल्या प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात ही सही असायची. हात आपोआप गेला असणार.

मुलगा पेंटरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, एन्ट्रीवर नाव चालत नाही. निनावी असावी लागते, नियम आहे. फक्त काळ्या रंगाचा एक हात मारून झाकून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर मला बाद करावी लागेल." मग इकडंतिकडं बघून आणखी हळू म्हणाला, "बाद करायची माझी इच्छा नाहीये. तुमचा नंबर येण्यासारखा आहे."

गणेश शेजारीच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

पेंटर दहा शिपाई ट्रेमध्ये ठेवून कोपऱ्यातल्या एका रिकाम्या टेबलाशी जाऊन बसले. डबा उघडला. काळी बाटली काढली, ब्रश काढला, जिभेवर टोक केलं. आमचा जीव भांड्यात पडला. वर्षा तर डोळे पुसायला लागली, म्हणाली, "वाचलं बाई दुकान!"

पेंटरांनी पहिला शिपाई उचलला, बैठक फिरवली. नावाच्या पुढं काठावर बोटभर जागा मोकळी होती. त्यांनी श्वास धरला आणि लिहिलं, "स्टेशन रोड, परभणी".

परीक्षक मुलगा लांबून बघत होता. त्यानं हातातला कागद खाली केला.

पेंटरांनी दुसरा शिपाई उचलला, डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. "उजेड कमी हाय," ते स्वतःशीच म्हणाले.

गणेश पुढे गेला. खिशातून मोबाईल काढून त्यानं टॉर्च लावला आणि बापाच्या हातावर धरला.

"सावकाश लिहा, बाबा," तो म्हणाला. "अजून नऊ हायत."