आईने तंबू नाकारला त्याची गोष्ट

वडील गेल्यावर आई दोन वर्षं पनवेलच्या आमच्या घराबाहेर एकही रात्र झोपली नव्हती. बायकोने ठरवलं, तिला शनिवारी जवळच्या अभयारण्यात मुक्कामाला न्यायचं. तिने दोन तंबू बुक केले.

तंबूची चेन उघडून आईने आत डोकावून पाहिलं.

"ह्याच्यात रांगत जायचं? मी नाय."

तिथल्या वनरक्षकाने समजूतदारपणे पर्याय सांगितले. विश्रामगृहाची खोली पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एका डॉक्टर जोडप्याने घेतली होती. राहता राहिली डॉर्मिटरी. तिथे खारघरच्या एका कॉलेजच्या एकोणीस मुली आणि त्यांच्या मॅडम उतरल्या होत्या. एक खालचा पलंग रिकामा होता.

"पलंग हाय ना? मग झालं," म्हणत आई पिशवी उचलून निघालीसुद्धा.

"अहो, त्यांना करमेल का तिथे?" बायकोने विचारलं. मला वाटलं, तासाभरात परत येईल. ती आली नाही. तिच्यासाठी घेतलेल्या तंबूत आम्ही चपला ठेवल्या. आमचा तंबू उतारावर होता. मी रात्रभर हळूहळू दाराकडे सरकत होतो आणि बायको माझ्याकडे.

सकाळी चहा घेऊन डॉर्मिटरीत गेलो तर सगळे पलंग रिकामे. मी घाबरलो. पायवाटेने धावत गेलो, तर वळणावर मुलींचा घोळका दिसला. सगळ्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. मधोमध आई, कासोटा घट्ट खोचून.

"ह्यो पळस नाय गो, पांगारा हाय. खोडाला हात लाव, काटं लागतील."

मुलीने हात लावला. लागले. तिने तसं लिहून घेतलं.

लग्नाआधी आई चुलीच्या लाकडांसाठी डोंगरात जायची, एवढं मला माहीत होतं. पण तिला झाडं ओळखता येतात का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. घरी आम्ही तिला गोळ्या घेतल्या का, एवढंच विचारायचो.

"आई, चहा. मग निघू या," मी म्हटलं.

"तुमी जा. ह्यांचा आजून एक दिस हाय. मॅडम र्‍हा बोलतात."

बाजूला उभ्या मॅडमनी मान डोलावली. मी गोळ्यांची डबी आईच्या हातात दिली. आम्ही दोघं पनवेलला परतलो आणि कुकरमध्ये सवयीने तिघांचा भात लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलींच्या बसने तिला कळंबोलीला सोडलं. मी रिक्षा घेऊन उभा होतो. बसच्या सगळ्या खिडक्यांतून "आजी, बाय!" असा गलका झाला. आईने हात केला आणि रिक्षात बसली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

तिने पिशवी मांडीवर घेतली.

"वरच्या पलंगावरची पोर लय घोरते," ती म्हणाली. "मॅडमना सांगून आलंय, डॉक्टरला दाखवा म्हणून."